पुढं सरकलेलं तबक

कोडोलीच्या स्टँडवर एस्टीचं इंजिन धडधडत होतं आणि आत्ती खिडकीचा गज सोडत नव्हत्या. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या बाजूला सासूला आत्तीच म्हणतात. कंडक्टर ओरडला, "म्हातारे, हात काढ की! का तुला बी घालू आत?" तशा त्या त्याच्यावरच उखडल्या, "घाल की. तिकीट तू काढ माझं." सगळी गाडी हसली. मी हसले नाही. माझ्या मांडीवर पत्र्याची ट्रंक, पायाशी पोत्यात गुंडाळलेली भाकरी थापायची काटवट आणि तवा, शेजारी माझा धाकटा दीर दिनकर तोंड फिरवून बसलेला. गाडी हलली तशा आत्ती तिच्याबरोबर पळायला लागल्या आणि सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हौसा, कपाळ उघडं ठिवू नगंस! कुणी काय बी म्हणू दे!"

गाडीतल्या बायकांनी मान वळवून माझ्या कपाळाकडं बघितलं. त्यावर कुंकू होतं. मग त्यांनी एकमेकींकडं बघितलं. कारण ही बाई कोण, कुणाची, हे पंचक्रोशीला ठाऊक झालेलं होतं. मी खिडकीतून जोतिबाचा डोंगर बघत बसले, तो मागं पडेपर्यंत.

गावाकडच्या पोरींनो, आणि माझ्यासारख्या गावाबाहेर पडून जिथं तिथं रुजलेल्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते. शाळा मी बघितली ती बाहेरून. अक्षरं शिकले ती खानावळीतल्या पोरांच्या ताटाखाली घालायच्या रद्दी पेपरांवरून. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आता परत निवडणूक आली आहे, गल्लीत भोंगा फिरतोय, आणि भोंगा वाजला की मला झोप लागत नाही. म्हणून बसले आहे लिहायला.

माझं लग्न फौजेतल्या माणसाशी झालं. नाव घेत नाही, आमच्यात घेत नाहीत. आत्ती त्यांना येशा म्हणायच्या. सासरे दिनकर पोटात असतानाच गेलेले. दोन पोरांना आत्तींनी दुसऱ्याच्या रानात भांगलण करून वाढवलं. थोरला पलटणीत गेला तो धाकटा शिकावा म्हणून. दिनकर हुशार, कोल्हापूरला इंजिनेरीला लागला. त्याला सरकारची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा आत्तींनी गावात गूळ वाटला. मागनं कळलं, ही शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. शिकून झालं की परत फेडायची. आत्ती म्हणाल्या, "ह्ये बरं हाय. बक्षीस म्हणायचं आन् परत मागायचं." पण ह्यांनी सुट्टीवर आल्यावर जामीन म्हणून सही केली आणि भावाच्या पाठीवर थाप मारली. "तू शीक. मी हाय की फेडायला." त्या एका वाक्यावर दिनकर शिकत होता.

मग एकाहत्तरची लढाई आली. लढाई कुठं, तर बंगालच्या पलीकडं. आम्हाला कोल्हापूरच लांब. चावडीवर रेडिओ लावायचे आणि सगळं गाव उकिडवं बसून ऐकायचं. कुठल्या कुठल्या नद्यांची नावं यायची, ती आम्हा बायकांच्या तोंडात बसायची नाहीत. आत्ती विचारायच्या, "त्या नदीला पाणी किती असंल गं?" मी म्हणायचे, "आपल्या वारणंएवढं असंल." वारणा आम्ही उन्हाळ्यात पायी उतरायचो. तेवढाच दिलासा.

लढाई जिंकली म्हणून गावानं फटाके वाजवले. त्यानंतर तार आली. मास्तरांनी वाचून दाखवली. मेला असं त्यात नव्हतं. बेपत्ता, असं होतं.

बायांनो, मेलेल्याला रडता येतं. बेपत्त्याचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नाही. मी रोज संध्याकाळी एक भाकरी जास्त थापायचे आणि ताटाखाली झाकून ठेवायचे. सकाळी ती म्हशीला जायची. दाराला आतून कडी लावायची नाही. कुणी बूट घालून वाटेनं गेलं की मी आणि आत्ती दोघी एकदम चुलीपुढनं मान वर करायचो आणि मग एकमेकींकडं न बघता परत खाली घालायचो. नदीवर गेले की बाया बोलायच्या थांबायच्या. हळदीकुंकवाला बोलवावं का न्हाय, हे त्यांना कळायचं नाही. बोलावलं तर अपशकुन होईल, न बोलावलं तर शाप लागेल. मी त्यांना दोष देत नाही. मलाच माझं कळत नव्हतं.

अशात निवडणूक लागली. जीपगाड्या फिरायला लागल्या, आणि जो तो लढाईच जिंकून आल्यासारखा बोलायला लागला. बंदूक ज्यांनी उचलली ते बोलायचे नाहीत. सुट्टीवर आलेले फौजी गप्प बसून तंबाखू मळायचे, आणि ज्यांनी कधी जोतिबाचा डोंगर ओलांडला नाही ते भोंग्यावरनं नद्यांची नावं घ्यायचे.

गावचे पुढारी तात्या आमच्या दारात आले. भावकीतलेच. घोंगड्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "आक्का, आपल्याकडं मोठी सभा हाय. सायेब सोता येणार. तू आन् हौसा मांडवात वर बसायचं. हुतात्म्याची आई, हुतात्म्याची बायको."

आत्ती जोंधळे पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "तारंत बेपत्ता लिवलंय."

"आगं, बेपत्त्याला कोण टाळ्या वाजवतंय, आक्का?"

सूप थांबलं. तात्यांनाही वाटलं असावं की जास्त झालं. आवाज उतरवून त्यांनी खरी गोष्ट काढली. साहेब भरसभेत जाहीर करणार होते की हुतात्म्याच्या भावाचं शिक्षणाचं कर्ज माफ करून आणतो. दिनकरच्या कर्जाला जामीन राहिलेलाच नाही, परीक्षा तोंडावर, आणि पोरगं कॉलेज सोडून कारखान्यात चिकटायच्या गोष्टी करायला लागलेलं. तात्या म्हणाले, "एक पोरगं देवानं नेलं. दुसऱ्याचं तरी सोनं करून घे. सायेब बोलला की झालंच समज. इलेक्शनच्या साली बोलल्यालं करावं लागतंय." आणि उठता उठता माझ्याकडं बघून, "हौसा, येताना जरा पांढरं बिंढरं नेस. आन् कपाळ..." एवढं बोलून ते गेले.

त्या रविवारी दिनकर कोल्हापूरहून आला. त्यानं काही मागितलं नाही. जेवला, अंगणात जाऊन उभा राहिला, परत आत आला. आत्तींच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, दादा आला तर आपण सगळ्यांना सांगू की, चुकलं म्हणून. न्हाय आला तर..." आत्तींनी त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "हौसा, जायाचं. हिरवं लुगडं नेस."

सभा गावाबाहेरच्या माळावर होती. शाळेची बाकं जोडून त्यावर सतरंजी टाकलेली. वर चढले आणि पहिलं काय दिसलं असेल तर ह्यांचा फोटो. लग्नात काढलेला, तो कुणीतरी नेऊन कोल्हापुरात मोठा करून आणलेला. टेबलावर उभा केलेला आणि त्याला झेंडूचा हार घातलेला. जिवंत माणसाला हार गळ्यात घालतात, फोटोला कधी घालतात हे पोराटोरांना बी कळतं. मी हार बघत तिथंच उभी राहिले. आत्तींनी दंडाला धरून मला बसवलं.

मग बायकांचा सत्कार निघाला. साहेबांच्या बाईसाहेब हातात तबक घेऊन उठल्या. हळद, कुंकू, खण, नारळ. व्यासपीठावर आम्ही ओळीनं बसलेल्या. सरपंचांची बायको, तात्यांची बायको, मास्तरीण, मग मी, मग आत्ती. बाईसाहेब प्रत्येकीला हळदीकुंकू लावत, ओटी भरत येत होत्या. वाईट बाई नव्हती ती. हसरी, अंगावर साधं लुगडं. मास्तरणीला लावलं. माझ्यापुढं आली. कुंकवानं भरलेलं बोट वर उचललं, आणि तेवढ्यात मागनं तात्या हळूच पुटपुटले, "त्या न्हाय, त्या न्हाय."

बोट तसंच हवेत राहिलं. मग तबक पुढं सरकलं.

एवढंच झालं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण खाली बसलेल्या सगळ्या गावानं बघितलं. रेडिओनं सांगितलं नव्हतं, तारेत नव्हतं, सरकारनं म्हटलं नव्हतं, ते त्या बोटानं सांगितलं. माझ्या कानात भोंग्याची शिट्टी वाजत राहिली. अजून वाजते.

आणि तेव्हा माझ्या शेजारून आत्ती उठल्या. बाईसाहेबांपुढं गेल्या आणि तबकातल्या कुंकवात अंगठा बुडवला. लक्षात घ्या, आत्ती म्हणजे उघड्या कपाळाची बाई. दिनकर जन्मायच्या आधीपासून त्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नव्हता. सणासुदीला देवघरातला करंडा सुद्धा मला सरकवायला सांगायच्या. त्या बाईनं चारचौघांत अंगठाभर कुंकू घेतलं आणि माझ्या कपाळावर असं दाबून लावलं की माझी मान मागं गेली.

खालनं बायकांचा एकच आवाज आला, "आगं बया!"

आत्ती माईकपुढं गेल्या नाहीत. त्यांना गरज नव्हती. म्हणाल्या, "ही माझी सून हाय. तुमच्या मतांपायी हिचं कपाळ पुसायचं न्हाय." टेबलावरचा फोटो उचलला, काखेत मारला, माझा हात धरला आणि बाकांवरून खाली उतरल्या. हार वाटेत काढून हातात धरला होता, तो घरी आल्यावर म्हशीपुढं टाकला. म्हशीनं तो खाल्ला. आत्ती म्हणाल्या, "बरं झालं. कुणाच्या तरी पोटात गेला."

साहेबांनी मग कर्जाचं काही जाहीर केलं नाही. लढाईवर बोलले आणि गेले. निवडून आले म्हणे.

गाव मात्र बोलायला लागलं. रंडक्या बाईच्या हातचं कुंकू लागलं, आता कसला येतोय येशा! शत्रूनं न्हाय मारला तो आईनं मारला. हे मी नदीवर कानांनी ऐकलं. आणि खरं सांगते, उन्हाची एकटी बसले की माझ्याही मनात ते यायचं. यायचं आणि चटका देऊन जायचं. दिनकर तर बोलायचाच बंद झाला. एकदाच म्हणाला, "वैनी, दादा जिवंत ऱ्हावा म्हणून मी बुडायचं का?" आत्ती चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, "बुडत न्हाईस. हौसाला घिऊन जा कोल्हापूरला. तिच्या हाताला चव हाय. तितं पोरं उपाशी मरत्यात हाटेलात. ती खानावळ काढील, तू शीक." त्यांनी मला विचारलं नाही. ट्रंक भरली, काटवट पोत्यात बांधली आणि स्टँडवर आणून सोडलं. मला वाटलं, घरातनं काढलं.

मंगळवार पेठेत दोन खोल्या मिळाल्या. पहिल्या दिवशी नळाला पाणी बघून मी बादली भरून घेतली आणि नळ बंद करायचा असतो हे न कळून सगळी मोरी वाहवली. घरमालकीण म्हणाली, "पावणं, ही वारणा न्हवं." हळूहळू शिकले. स्टो पेटवायला, रेशनच्या रांगेत भांडायला, गल्लीतल्या पोरांना दमात घ्यायला. गावात चुलीपुढं बोलत नव्हते ती मी इथं सगळ्यांची मावशी झाले. कुंकू बघून कुणी विचारलं तर सांगायचे, "मालक फौजेत हायेत." कोल्हापुरात एवढं पुरायचं. तिथं माझं कपाळ हे नुसतं कपाळ होतं.

माझ्या खानावळीत शिरोळकडची उसाच्या पट्ट्यातली पोरं यायची आणि गगनबावड्याकडची, ज्यांचे कपडे पावसाळाभर वाळायचे नाहीत, ती पण यायची. त्यातली निम्मी कर्जाऊ शिष्यवृत्तीवर. जेवता जेवता त्यांची एकच गोष्ट. नोकरी लागली नाही तर फेडायचं कशानं. निवडणूक आली की आमच्या जिन्यात माणसं यायची. "मावशी, पोरांचं जेवण महिनाभर आमच्याकडं लागलं. सभेला तेवढी धाडा." आणि पोरं जायची. भिंती रंगवायची, घोषणा द्यायची, घसा बसवून परत यायची. मी विचारायचे, "काय म्हणाला रं तुमचा सायेब?" तर म्हणायची, "कर्ज माफ करतो म्हणाला, मावशी." हेच मागच्या वेळीही म्हणाला होता. मी त्यांच्या ताटात रस्सा वाढायचे.

एका साली तिकडं इराणात काय पेटलं आणि इकडं माझा स्टो विझला. रॉकेलच मिळेना. डबा घेऊन रांगेत उभी राहायचे तर रांगेजवळच जीप थांबवून कुणीतरी भाषण ठोकायचा. जगात लढाया पेटल्यात, देश सांभाळणारा खमक्या माणूस पाहिजे म्हणून. माझ्या पुढची म्हातारी म्हणाली, "देश ऱ्हाऊ दे बाबा, वातीपुरतं तेल दे." सगळे हसले. मी पण हसले, आणि भोंग्यानं त्या वेळी कसली तरी शिट्टी मारली, तशी माझा हात आपोआप कपाळाकडं गेला. मला समजलं ते एवढंच. लढाई लांब असते, पण ती मतपेटीच्या वाटेनं घरात येते. मेलेला फौजी आणि कर्जातलं पोरगं, ह्या दोघांची आठवण निवडणुकीच्याच साली होते. निकाल लागला की फौजी परत मरतो आणि पोराला नोटीस येते.

दिनकर शिकला. पुण्याकडं कारखान्यात लागला, लग्न झालं. कर्ज आम्ही फेडलं, त्यानं पगारातून, मी भाकऱ्यांतून. फेडून झालं त्या दिवशी तो माझ्या पाया पडला आणि निघून गेला.

मी मात्र भाकरी झाकायची सोडली नव्हती. खानावळीत इतकी पोरं, तरी दिवेलागणीला जिन्यात कुणाचे बूट वाजले की मान वर व्हायची. कोण तरी उंच पोरगं उंबऱ्यात उभं राहिलं, मागनं उजेड असला, की मी उलथणं हातात धरून तशीच राहायचे. "काय झालं मावशी?" "काय न्हाय रं. बस, हात धू." सरकारचा कागदही आला मध्येच, आता मयत धरण्यात येत आहे म्हणून. पेन्शन लागू झाली. मी अंगठा नाही उठवला, सही केली, तोवर सही येत होती. पण कुंकू पुसलं नाही. मला आत्तींनी सांगितलं होतं ना, कपाळ उघडं ठेवू नको. मी समजले होते, वाट बघ म्हणाल्या.

आत्ती थकल्या तशी मी गावी गेले. त्या कोल्हापूरला यायला तयार नव्हत्या. "माझी म्हस कोण बघंल" हे एकच उत्तर. एका दुपारी मी त्यांचं अंग पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्या कपाळाकडं बघत राहिल्या.

"हौसा, अजून वाट बगतीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं की, आत्ती."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "येशा गेला ह्ये मला सभंच्या आदीच ठावं हुतं."

बाहेर म्हैस दावं ओढत होती.

"पल्याडच्या गावचा त्याच्या पलटणीतला गडी मला मळ्यात भेटला. नदी उतरताना येशा गेला, त्यानं बघितलं हुतं. हात जोडून म्हणाला, आक्का, पाण्यानं न्हेला, गावलाच न्हाय. मी त्याला म्हटलं, माझ्या सुनंला सांगू नगंस. माझं मी सांगते."

मला राग आला. एवढा राग मला तात्यांचाही आला नव्हता. इतकी वर्षं भाकरी झाकते मी! "मग त्या दिवशी कुंकू कशापायी लावलंत? दिनकरचं कर्ज सुटलं असतं. खोटं काय होतं त्यात?"

त्यांनी मनगट सोडलं नाही. म्हणाल्या, "दिनकर पोटात हुता तवा मला भरल्या अंगणात बसवली. सगळी भावकी बगत हुती. कुणी बांगड्या फोडल्या, कुणी कपाळ पुसलं, मला कुणी इचारलंच न्हाय. त्ये बोट तुझ्याम्होरनं गेलं तवा मला त्ये अंगण दिसलं. तुझं वय काय हुतं गं? तुला भोंग्यावर रंडकी करणारी ती कोण? तुझं तू ठरीव, तुझ्या घरात, तुझ्या हातानं. म्हणून तर तुला घालवली. वाटलं, तितं वळखत न्हाईत. शानी हुशील, दुसरं घर करशील. मग सांगीन. तू कसली करतीस! यिऊन परत त्याच्याच गोष्टी इचारायचीस. मग मला बी सांगवंना."

त्यानंतर आठवडा निघाला नसेल, गेल्या.

तेराव्याला दिनकरच्या बायकोनं आत्तींचा फोटो भिंतीवर लावला, ह्यांच्या फोटोशेजारी. तोच फोटो, सभेतून काखेत मारून आणलेला. इतकी वर्षं उघडा. आत्तींना हार घातला आणि ताटात एक हार उरला. जाऊ बिचारी घुटमळली. ह्यांच्या फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "थोरल्या बाई, ह्यो...?"

घरात आम्ही तिघंच उरलो होतो. भोंगा नव्हता, तात्या नव्हते. मी उठले, हार घेतला आणि माझ्या हातानं घातला. दिनकर तोंडाला टॉवेल लावून बाहेर गेला.

त्या दिवसापासून भाकरी झाकत नाही. दाराला कडी लावते. बूट वाजले तर अजून मान वर होते, ती सवय जायची नाही.

आता खानावळ नाही, खोल्या त्याच आहेत. कुणी विचारतं, मावशी तुमचं घर कुठलं, गावाकडचं का कोल्हापूरचं? गावच्या भिंतीवर दोन हार आहेत, इथं माझा स्टो आहे. सकाळी आरशापुढं उभी राहते आणि अंगठ्यानं कुंकू लावते. बाया बोटानं लावतात, मी अंगठ्यानं, दाबून. शेजारीण एकदा म्हणाली, "मावशी, मालक जाऊन इतकी वर्षं झाली, अजून कुणाच्या नावाचं लावता?"

मी म्हटलं, "आत्तींच्या."